स्टोनी कोव्ह

इंग्लंडच्या लेस्टरशर परगण्यातील स्टोनी स्टँटन गावाजवळची जलमय दगडखाण. स्कूबा प्रशिक्षणाचे प्रसिद्ध ठिकाण. येथील उत्खनन १९५८ मध्ये थांबले आणि झऱ्यांच्या पाण्याने खाण भरत गेली. पुढे उत्तर समुद्रातील तेलक्षेत्रांवर काम करणारे पाणबुडेही येथे तयार झाले. खाणकामातून राहिलेले कट्टे हेच या तळ्याचे खरे वैभव : नवशिक्याने सुमारे ६ मीटरवर सराव करावा, हात बसल्यावर २० मीटरच्या टप्प्याकडे वळावे, तळ सुमारे ३५ मीटरवर आहे. २००० साली मुद्दाम बुडवलेली ‘स्टेनगार्थ’ ही जुनी टगबोट पाहायला पाणबुडे आवर्जून येतात. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असल्याने शरीराला कमी वर ढकलते, म्हणून बुडी घेताना कमरेला शिसे कमी बांधावे लागते. मात्र उन्हाळ्यातही खोलवरचे पाणी गारठवणारे असते. तेथे अंग कोरडे ठेवणारा ड्रायसूटच वापरावा.