राहुलचा पहिला धडा

हल्ली पुष्कळ शाळांत परिपाठानंतर मुलांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात. हे परदेशातून आलेले नवे खूळ, असे आमच्या शहापुरात अनेकांना वाटते. ‘माइंडफुलनेस’ हे नाव इंग्रजी असल्याने तसे वाटत असावे. पण पाली भाषेतल्या ‘सति’साठी हा शब्द ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 साली योजला. सति म्हणजे स्मृती, भान.

या भानाची परंपरा आपल्या अंगणातलीच आहे. आपल्याच जिल्ह्यात पवनीला 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेव्हा मातीखालून प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. ध्यानस्थ बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नागही तिथे शिल्पात, नावानिशी कोरलेला सापडला.

मुलांना हे शिकवण्याची सर्वांत जुनी कथा राहुलची. परंपरा सांगते की तो तेव्हा 7 वर्षांचा होता. पाय धुतल्यावर बुद्धांनी भांड्यात थोडे पाणी ठेवले आणि जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण एवढेसेच उरते, असे त्याला दाखवले. मग ते पाणी ओतून टाकले, भांडे पालथे घातले. आरसा कशासाठी असतो, असे विचारले. पाहण्यासाठी, असे पोर म्हणाले. तसेच प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावी, हा तो धडा. सम्राट अशोकाने बैराटच्या लेखात जे उपदेश वारंवार ऐकावेत म्हणून नावाने सांगितले, त्यांत हाही आहे. श्वासाचा अभ्यास राहुलला मिळाला तो नंतर, अठराव्या वर्षी, असे अट्ठकथा म्हणते.

आपल्याकडे श्वासाचा हा अभ्यास परतला तो ब्रह्मदेशातून. सत्यनारायण गोएंका यांनी 1969 साली मुंबईत पहिले विपश्यना शिबिर घेतले. 1976 पासून इगतपुरी हे केंद्र झाले. मुलांसाठी त्यांनी फक्त ‘आनापान’ ठेवले. नाकाशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा, बाकी काही नाही. जप नाही, मूर्ती नाही. आपल्या घरांतले शुभंकरोती किंवा मनाचे श्लोक तोंडाने म्हणायचे असतात. इथे म्हणायला शब्दच नाही, त्यामुळे कोणत्याही धर्माचे मूल बसू शकते. 2012 च्या सुमारास राज्याच्या शिक्षण खात्याने ‘मित्र उपक्रम’ म्हणून ते शाळांत नेले.

इथे माझी शंका सुरू होते. ब्रिटनमध्ये 11 ते 14 वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2022 साली आले. वर्गात सरसकट शिकवलेले माइंडफुलनेस नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा सरस ठरले नाही. पुष्कळ मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. मला त्यात नवल वाटत नाही. परिपत्रकाने आलेली दहा मिनिटे ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ व्हायला वेळ लागत नाही. वर्ग शांत झाला की गुरुजी खूश, आणि मुलाच्या मनात काय चालले आहे हे कुणी विचारत नाही. राहुलला मात्र प्रश्न विचारले गेले होते, उत्तर द्यायला वेळही मिळाला होता, आणि विचारणारा त्याचा बापच होता.