सामरी आणि पिटातली माणसं

1985चा जानेवारी. सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरलीय आणि तुम्ही एका पडद्याच्या जुन्या थिएटरबाहेर, लोखंडी गजांच्या अरुंद बोळात तिकिटाच्या रांगेला आहात. पुढे मंगळवेढ्याकडून यात्रेला आलेले दोन भाऊ. मागे पाळी संपवून थेट आलेला गिरणी कामगार. त्याच्या भुवयांवर अजून कापसाची लव आहे. नंदीध्वजांना हात जोडून झाले, होम मैदानावर पाळण्यात बसून झालं, मौत का कुआँ बघून झाला. आता रात्री नऊचा शो. रांगेत मराठी आहे, कानडी आहे, पूर्व भागातल्या विणकरांची तेलुगू आहे, दखनी उर्दू आहे. आधीचा खेळ सुटून बाहेर पडणाऱ्यांना सगळे एकच विचारतायत: ‘काय बे, खरंच भ्या वाटतंय का?’

भिंतीवर पोस्टर आहे. ‘पुराना मंदिर’. दिग्दर्शक तुलसी रामसे आणि श्याम रामसे. कोपऱ्यात ‘केवळ प्रौढांसाठी’ची खूण. ती खूण बघूनच शाळकरी वयाची तीन पोरं वडिलांच्या पँटी घालून आणि आवाज जाड करून रांगेत उभी आहेत. डोअरकीपर त्यांच्याकडे एकदा नीट बघतो आणि आत सोडतो.

चित्रपट 19 ऑक्टोबर 1984ला प्रदर्शित झाला. त्यानंतर बाराव्या दिवशी दिल्लीत इंदिरा गांधींची हत्या झाली, दिल्लीचे रस्ते शिखांच्या रक्ताने माखले, आणि डिसेंबर उजाडतो न उजाडतो तोच भोपाळमध्ये एका रात्रीत विषारी वायूने हजारो माणसं गिळली. या रांगेतल्या प्रत्येकाने ते रेडिओवर ऐकलंय, पेपरात वाचलंय, पानाच्या टपरीवर हलक्या आवाजात बोललंय. त्या भीतीला ओरडून वाट करून देण्याची सोय नव्हती. इथे ती आहे, तिकिटाच्या पैशांत.

आत या. तुमची जागा पिटात, पडद्यापासून सातव्या-आठव्या रांगेत. लाकडी खुर्ची वाजते. विड्यांचा धूर, भाजलेल्या शेंगांची टरफलं पायांखाली. थंडी आहे, त्यामुळे निम्मी माणसं अंगावर सोलापुरी चादर घेऊनच आलीत. या चादरींकडे लक्ष ठेवा. पुढचे अडीच तास काय चाललंय ते त्या तुम्हाला पडद्यापेक्षा नेमकं सांगतील.

दिवे जातात. शिट्ट्या. मग गोष्ट सुरू होते: दोनशे वर्षांपूर्वीचा काळ, राजा हरिमान सिंहचा लवाजमा, काळ्या डोंगराजवळ अडलेली गाडी, आणि अंधारात भटकलेली राजकन्या. राजाचा मुलूख कुठला, तर बिजापूर.

नाव ऐकताच अख्खं थिएटर उसळतं. बिजापूर! इथून शंभर किलोमीटर. मीटरगेजच्या गाडीने गेलं की गोलघुमट, शाळेची सहल, कुणाची सासुरवाडी, कुणाचं आजोळ. ‘आमच्या मामाचं गाव हाय की बे ते!’ असं कुणीतरी ओरडतो आणि सगळे हसतात. पण त्या हसण्यात थोडी चुळबूळ आहे. आतापर्यंत भूत परक्या मुलखातलं होतं. एका शब्दाने ते शेजारच्या जिल्ह्यात आलं. लिहिणाऱ्याच्या मनात नसलेला परिणाम एखाद्या गावचा प्रेक्षक स्वतःच कसा साधतो, ते असं.

आणि मग सामरी येतो. अनिरुद्ध अगरवाल, पडद्यावरचं नाव अजय अगरवाल. शिक्षणाने इंजिनियर, उंची सहा फुटांच्या बरीच वर, चेहरा असा की मेकअपवाल्याला फारसं काम उरू नये. कॅमेरा जमिनीलगत ठेवलाय आणि तो त्यावर चालून येतो. मागे धुकं, त्या धुक्यात लाल आणि निळा प्रकाश. गंगू रामसेचा हा कॅमेरा. समीक्षक या प्रकाशाला भडक म्हणायचे. तुमच्या आजूबाजूला बघा. सातव्या रांगेत चादरी नाकापर्यंत आल्यात.

राजाचे शिपाई सामरीला पकडतात. शिरच्छेदाची शिक्षा होते. मुंडकं पेटीत कोंडून त्रिशुळाने बांधायचं, धड पुराण्या मंदिरामागे पुरायचं. मरताना तो शाप देतो: या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंत होताना मरेल, आणि ज्या दिवशी मुंडकं धडाला भेटेल त्या दिवशी घराण्याचा निर्वंश होईल. हॉलमध्ये मघापासून ओरडणारे गप्प झालेत. शाप, बाळंतपण, पुरलेलं धड, घराण्याचं देणं: हे सगळं या माणसांच्या घरात, गावात, आजीच्या बोलण्यात आधीपासून आहे. बाळंतपणात गेलेली बाई इथल्या कित्येक घरांनी खरोखर पाहिलीय. लोक रामसेंना परदेशी भुतांची उचलेगिरी करणारे म्हणाले. चेहरे आणि धुकं त्यांनी बाहेरून घेतलंही असेल, पण शाप इथला होता आणि पिटाने तो लगेच ओळखला.

दोनशे वर्षं पुढे. मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर. हवेलीचा नोकर म्हणून सदाशिव अमरापूरकर दिसतो आणि पुन्हा गलका होतो, कारण ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. ‘ह्याच्यावर इश्वास ठिवू नको ग बाई!’ अशी सूचना नायिकेला मागच्या रांगेतून मिळते. तुम्हाला वाटेल, ही टिंगल आहे. नाही. तो माणूस खरोखर सांगतोय. अंधारात दार उघडायला निघालेल्या बाईला हाक मारल्याशिवाय त्याला राहवत नाही. चारी बाजूंनी इशारे सुटतात. ‘मागं बघ!’ ‘दिवा घे की हातात!’ आणि एका कोपऱ्यातून तेलुगूत नुसतंच ‘अम्मो!’

अंगप्रदर्शनाची दृश्यंही आहेत आणि त्यांना शिट्ट्याही पडतात. रामसेंनी भीतीबरोबर हेही विकलं. मला ते तेव्हाही खटकलं असतं, आताही खटकतं. बाल्कनीत दोन-तीन बायका घरच्यांबरोबर आल्यात. त्या या वेळी पडद्याकडे न बघता मांडीवरचा डबा उघडतात. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांबद्दल बोलायचं तर त्यांची ही प्रतिक्रियाही मोजली पाहिजे.

इंटरव्हल. बाहेर चहाला जाऊ नका. पंधरा वर्षं मागे चला.

1970. चित्रपट ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’. दिग्दर्शक विश्राम बेडेकर, आपले ‘रणांगण’कार. निर्माते फतेहचंद रामसे. मूळ आडनाव रामसिंघानी. कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीने तिथून उठवलं, मग मुंबईत लॅमिंग्टन रोडला पुन्हा रेडिओचंच दुकान. पदरी सात मुलगे: कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू, अर्जुन. चित्रपट पडलाय. तुम्ही ज्या हॉलमध्ये बसलायत तिथे खुर्च्या रिकाम्या आहेत. पण एका दृश्याच्या आधी माणसं आत येतात. पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा आणि चिलखत घालून वस्तुसंग्रहालयात चोरीला शिरतात, पोलिसांच्या गोळ्या अंगावरून घरंगळतात, आणि हॉल किंचाळतो. दृश्य संपतं. माणसं उठून बाहेर जातात.

मागच्या रांगेत तुलसी आणि श्याम बसलेत. त्यांची नजर पडद्यावर नाही, माणसांवर आहे. घरचे पैसे बुडालेत, आणि या दोघांना दिसतंय की लोक एवढ्याचसाठी पैसे टाकायला तयार आहेत. पुढे या भावांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. वडिलांना त्यांनी पटवलं: भीतीचाच पूर्ण चित्रपट करू. मुलगे जोसेफ मास्सेलीचं छायालेखनाचं पुस्तक वाचून कॅमेरा शिकले. मग सगळं कुटुंब महाबळेश्वरला गेलं आणि सुमारे 40 दिवसांत ‘दो गज ज़मीन के नीचे’ तयार झाला. 1972ला तो लागला आणि चालला.

हिंदी पडद्यावर भुताची चाहूल त्याआधीही होतीच. 1949च्या ‘महल’ने मधुबालाच्या झोक्याने आणि त्या एका गाण्याने देश भारून टाकला होता. पण तिथे शेवटी उलगडा होतो, भूत नव्हतंच असं कळतं. रामसेंनी उलगडा काढून टाकला. भूत आहे, ते येणार आहे, आणि तुम्ही दारं लावलेल्या हॉलमध्ये आहात. हा निर्णय कुणा सिद्धांतातून आला नाही. तो थिएटरात बसून, लोकांच्या तोंडाकडे बघून घेतलेला निर्णय आहे. म्हणून मला वाटतं, हिंदी भयपटाच्या श्रेयनामावलीत पहिलं नाव प्रेक्षकांचं हवं.

घंटा झाली. सोलापूरला परत या, उत्तरार्ध लागतोय.

आता जगदीपचं प्रकरण चाललंय, ‘शोले’ची नक्कल. लोक हसतायत, बिड्या पेटतायत, चादरी खांद्यावर उतरल्यात. रामसेंना हे पक्कं माहीत होतं की सलग भीती माणूस फार वेळ सोसत नाही. तो बधिर होतो. त्याला सैल सोडायचं आणि मग आवळायचं. हा विनोद कथेला काडीचीही मदत करत नाही, पण पिटाला श्वास घेऊ देतो. समीक्षेत ही दृश्यं कायम दोष म्हणून मोजली गेली. या खुर्चीत बसून बघितलं की ती चालही लक्षात येते.

मग लाकूडतोड्या सांगा, म्हणजे सतीश शाह, त्या पेटीपर्यंत पोचतो. वारा. कोल्हेकुई. दाराची करकर. हॉलमध्ये प्रोजेक्टरची घरघरसुद्धा ऐकू येतेय. इतकी माणसं एकाच वेळी श्वास धरून बसली की हवा जड होते, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतंय. शेजारच्या गिरणी कामगाराने तुमचं मनगट धरलंय. त्याला ते कळलेलं नाही. तुम्हीही सोडवून घेत नाही.

मुंडकं डोळे उघडतं.

जो आवाज होतो त्यात मराठी-कानडी असा फरक करता येत नाही. आणि किंकाळी विरण्याआधीच हशा फुटतो, मोठा, मोकळा, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. ‘तू किती घाबरला बे!’ ‘मी? तूच!’ ज्या पोरांनी रांगेत आवाज जाड केला होता, त्यातल्या मधल्याने दोन्ही बाजूच्या मित्रांचे हात घट्ट धरलेत. हे हसणं चित्रपटावर नाही. इतक्या अनोळखी माणसांसमोर आपण घाबरलो आणि त्यात काही बिघडलं नाही, याचा तो आनंद आहे. पुरुषाला, त्यातही कष्टकरी पुरुषाला, उघडपणे घाबरायची मुभा त्या काळी दुसरीकडे कुठे होती?

सामरी उठतो, माणसं मरतात, आणि शेवटी त्रिशूळ पडद्यावर येतो. यात्रेचा आठवडा आहे. मागून एक आवाज येतो, ‘हर्र बोला हर्र!’ आणि सकाळी नंदीध्वजांपुढे जी घोषणा दिली तीच सगळे थिएटरात देतात. सामरी जळतो तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. शो सुटल्यावर कुणी एकटं निघत नाही. मंगळवेढ्याचे भाऊ, तो कामगार, ती पोरं, ज्यांची ज्यांची वाट एक आहे ते घोळक्याने चालू लागतात आणि वाटभर सामरीची नक्कल करतात.

पुढचा काळ भराभर ओलांडू. 1993ला रामसे ‘झी हॉरर शो’ घेऊन टीव्हीवर आले. भीती घरात आली, पांघरुणाखाली गेली. तिथे मनगट धरायला फार तर भावंडं होती. मग एकेक करून एका पडद्याची थिएटरं बंद पडत गेली.

ऑक्टोबर 2018, पुण्यातलं मल्टिप्लेक्स. ‘तुंबाड’ लागलाय, दिग्दर्शक राही अनिल बर्वे. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं, कथेचं बीज नारायण धारपांच्या गोष्टीत. पडद्यावर पाऊस थांबत नाही, सासवडचा वाडा आहे, नऊवारी आहे, आणि माणसं हिंदी बोलतायत. तुमच्या मागे एक आजी हळूच म्हणतात, ‘हे मराठीत का नाही केलं?’ प्रश्न रास्त आहे. पण खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि साखळदंडांनी बांधलेली म्हातारी जागी होते तेव्हा तुमची दचक तुमच्यापाशीच राहते. चित्रपट उतरतो. लोक तो नंतर मोबाइलवर बघतात, एकेकटे, आणि एकमेकांना सांगत सुटतात.

13 सप्टेंबर 2024. गणपतीचे दिवस. तोच चित्रपट पुन्हा थिएटरात लागलाय. या वेळी हॉल भरलाय, आणि भरणाऱ्यांपैकी कित्येकांना गोष्ट पाठ आहे. कणकेची बाहुली घेऊन बापलेक खाली उतरतात, हस्तर कुठून येणार हे ठाऊक आहे, आणि तरीही सगळे एकदम ओरडतात, मग हसतात. घरी फुकटात बघता येणारा चित्रपट त्यांनी तिकीट काढून बघितला. पुन्हा लागलेल्या ‘तुंबाड’ने पहिल्या वेळेच्या दुपटीहून जास्त कमाई केली.

तुमच्या गावात एखादं एका पडद्याचं थिएटर अजून चालू असेल, तर पुढचा भुताचा चित्रपट तिथे बघा. शेजारी कोण बसलंय याची फिकीर करू नका, आणि ओरडावंसं वाटलं तर ओरडा.