चक्रं, अक्षरं आणि उसना आवाज

 

आजचा एपिसोड माझ्या एका चुकीपासून सुरू होतो, म्हणून आधी ती सांगून टाकते.

मागे मी माझ्या आजीवर एक एपिसोड करायला घेतला होता. आजी रोज ज्ञानेश्वरी वाचायची. वेळ कमी होता, म्हणून एका एआय अॅपला चार ओळी दिल्या आणि म्हटलं, स्क्रिप्ट लिही. त्यानं लिहिली. तुळशीवृंदावन, समईचा मंद उजेड, चांदीसारखे केस, मधाळ आवाज, सगळं आलं. वाचताना वाटलं, छान आहे पण कोरडं आहे. तेवढ्यात एका मैत्रिणीनं एक फॉरवर्ड पाठवला: 'एआयचं लिखाण अस्सल वाटावं म्हणून सात चक्रांचा प्रॉम्प्ट'. मूलाधारातून सुरुवात करायला सांगा, म्हणजे लेख जमिनीवर राहील. मणिपूरातून ठामपणा आणा. अनाहतातून माया ओता. विशुद्धातून तुमचा 'खरा आवाज' बोलू द्या. असं करत करत सहस्रारापर्यंत.

मी केलं. खरं सांगू का, फरक पडला. स्क्रिप्ट एकदम ओलीचिंब झाली. वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. रेकॉर्ड केलं आणि टाकण्याआधी आईला ऐकवलं. आजी म्हणजे आईची आई.

आईनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "छान आहे गं. पण ही कोणाची आजी?"

मला राग आला, मग लाज वाटली, आणि मग एक प्रश्न डोक्यात बसला. ज्या चक्रांच्या नावानं मी माझं लिखाण 'अस्सल' करायला निघाले होते, ती चक्रं तरी माझ्यापर्यंत कुठून आली? शोधायला लागले आणि जे सापडलं त्याचा हा एपिसोड.

किती चक्रं?

पहिली गोष्ट. 'प्राचीन भारतात सात चक्रं सांगितली आहेत' हे वाक्य आपण इतकं ऐकलंय की त्यावर शंका घ्यावी असं वाटतही नाही. पण जुने ग्रंथ उघडले की आकडे बदलत जातात. बौद्धांच्या हेवज्रतंत्रात चार चक्रं आहेत. गोरक्षनाथांच्या नावावर असलेल्या सिद्धसिद्धान्तपद्धतीत नऊ आहेत. सहा चक्रांची, आपल्या ओळखीची मांडणी कुब्जिकेच्या उपासनेच्या तंत्रांमध्ये, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वी दिसते. परंपरा एकच नव्हती. ज्या गुरूची जी उपासना, त्या उपासनेचा तसा नकाशा.

मग आपल्याला 'सातच' का माहीत? त्याचं मोठं कारण एक संस्कृत ग्रंथ आहे. बंगालच्या पूर्णानंद नावाच्या तांत्रिकानं १५७७ साली श्रीतत्त्वचिंतामणी लिहिला. त्याचा सहावा भाग म्हणजे षट्चक्रनिरूपण. सहा चक्रं आणि त्यांच्या वर सहस्रार. अनेक नकाशांपैकी हा एक. जगभर गेला तो हाच.

देहातली बाराखडी

आता मला सगळ्यात जास्त चकित करणारी गोष्ट. आजच्या पोस्टरवर विशुद्ध चक्रापुढे 'संवाद' असं लिहिलेलं असतं. पण पूर्णानंदाच्या ग्रंथात सहाही चक्रांवर अक्षरं आहेत. प्रत्येक चक्र म्हणजे एक कमळ आणि त्याच्या प्रत्येक पाकळीवर एक अक्षर.

मूलाधाराच्या ४ पाकळ्या: व, श, ष, स. स्वाधिष्ठानाच्या ६: ब ते ल. मणिपूराच्या १०: ड ते फ. अनाहताच्या १२: क ते ठ. कंठातल्या विशुद्धाच्या १६ पाकळ्यांवर १६ स्वर. आणि भुवयांमधल्या आज्ञाचक्रावर फक्त दोन: ह आणि क्ष. बेरीज करा. ४, ६, १०, १२, १६, २. बरोबर ५०. संस्कृतची अख्खी वर्णमाला देहात मांडलेली आहे. सहस्राराच्या हजार पाकळ्यांवर हीच ५० अक्षरं २० वेळा येतात असं परंपरा मानते.

आणि ही नुसती कल्पना नव्हती, रोजचं काम होतं. मातृकान्यास नावाचा विधी आहे. साधक एकेक अक्षर उच्चारतो आणि शरीराच्या एकेका जागी हात लावून ते तिथे 'ठेवतो'. गुरूकडून शिकून, वर्षानुवर्षं. म्हणजे अक्षर आधी अंगात मुरवायचं आणि मग बोलायचं. माझ्या प्रॉम्प्टमध्ये उलटं होतं. शब्द आधी तयार होते, चक्रं वरून शिंपडली होती.

इंद्रधनुष्य कधी आलं?

षट्चक्रनिरूपणातले रंगही पाहा. मणिपूराच्या पाकळ्या पाण्यानं भरलेल्या ढगासारख्या काळसर. अनाहत बंधूकाच्या फुलासारखं, म्हणजे दुपारीच्या फुलासारखं लाल. विशुद्ध धुरकट जांभळं. आज्ञा चंद्रासारखं पांढरं. मग योगा स्टुडिओच्या भिंतीवरचं तांबडं-नारिंगी-पिवळं-हिरवं इंद्रधनुष्य कुठून आलं? ते विसाव्या शतकातलं, पाश्चात्त्य देशांतलं आहे.

टप्पे थोडक्यात सांगते. १९२७ मध्ये थिऑसॉफिस्ट सी. डब्ल्यू. लेडबीटर यांचं 'द चक्राज' आलं. त्यांनी आपल्याला दिव्यदृष्टीनं चक्रं दिसतात असं सांगितलं आणि स्वाधिष्ठानाच्या जागी चक्क प्लीहेचं चक्र घातलं. १९३२ मध्ये झ्युरिकला कार्ल युंग यांनी कुंडलिनीवर व्याख्यानं दिली आणि चक्रांना मनाच्या अवस्थांची प्रतीकं म्हणून वाचलं. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत क्रिस्टोफर हिल्ससारख्यांच्या पुस्तकांतून सात रंग आणि सात स्वभाव अशी जोडी पक्की होत गेली. १९८७ च्या अॅनोडिया जुडिथ यांच्या 'व्हील्स ऑफ लाइफ'नं ती घराघरात नेली. 'मणिपूर म्हणजे आत्मविश्वास' हे आपल्याकडे परत आलं ते तिथून, मोबाइलवरून.

म्हणून ते खोटं का? मी तसं म्हणत नाही. परंपरा बदलतात, प्रवास करतात. पण फॉरवर्डमध्ये 'प्राचीन' असा शिक्का होता, आणि तो शिक्काच मला 'अस्सल' वाटला होता. अस्सलपणाचा माझा मसाला स्वतःच मिसळीचा निघाला.

दरम्यान आपल्याकडेही लोक ही चक्रं तपासून पाहत होते. स्वामी दयानंद सरस्वतींनी आत्मकथनात सांगितलंय, तरुणपणी गंगेकाठी त्यांना वाहून आलेलं एक प्रेत दिसलं. त्यांनी ते चिरून पाहिलं, हठयोगाच्या पुस्तकातली वर्णनं जुळवली, जुळली नाहीत, तेव्हा ती पुस्तकं फाडून प्रेताबरोबर नदीत सोडून दिली. आणि १९२७ मध्ये मुंबईच्या डॉ. वसंत रेळे यांनी 'द मिस्टीरियस कुंडलिनी' हे इंग्रजी पुस्तक लिहून उलट टोक गाठलं. कुंडलिनी म्हणजे उजवी व्हेगस नस, असं त्यांचं म्हणणं. त्या पुस्तकाला प्रस्तावना होती सर जॉन वुड्रॉफ यांची.

हे नाव लक्षात ठेवा. खरी गोष्ट इथे सुरू होते.

एक टोपणनाव, दोन माणसं

षट्चक्रनिरूपण जगाला माहीत झालं ते १९१९ च्या 'द सर्पंट पॉवर' या इंग्रजी पुस्तकामुळे. लेखकाचं नाव आर्थर अॅव्हलॉन. हा माणूस अस्तित्वातच नव्हता. ते टोपणनाव होतं आणि त्यामागे होते कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ. दिवसा कोर्टात निकाल देणारा इंग्रज न्यायाधीश आणि इकडे तंत्रग्रंथांचा अभ्यासक.

पण वुड्रॉफ एकटे नव्हते. त्यांचे बंगाली मित्र अटलबिहारी घोष त्यांच्या सोबत होते. कॅथलीन टेलर या अभ्यासिकेनं २००१ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की संस्कृत ग्रंथांची खोलवर जाण मुख्यतः घोषांची होती. अॅव्हलॉन हे नाव म्हणजे एका अर्थी दोघांची भागीदारी. गंमत म्हणजे वुड्रॉफनी हे कधी नाकारलं नाही. ही पुस्तकं इतरांच्या थेट सहकार्यानं झाली, म्हणूनच टोपणनाव घेतलं, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. मित्राचं नाव मात्र पानावर आलं नाही. पुढे टोपणनाव गळून पडलं, पुस्तकावर वुड्रॉफ राहिले आणि घोष तळटीपेत गेले.

हे वाचताना मी दचकले. जगातल्या चक्रांविषयीच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकापुढेही माझाच प्रश्न होता: मदत घेऊन लिहिलं, मग आवाज कोणाचा?

म्हणजे मदत घेणं हे नवं नाही, पापही नाही. अडचण होते ती मदत अदृश्य झाली की.

ज्ञानेश्वरांनी काय केलं?

आता घरी या. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय. शके १२१२, म्हणजे १२९०. तिथे कुंडलिनी जागी होण्याचं जबरदस्त वर्णन आहे. मुळात गीतेच्या सहाव्या अध्यायात काय आहे? आसन, ताठ मान, नाकाच्या शेंड्यावर नजर. कुंडलिनीचं नावसुद्धा नाही! ज्ञानेश्वरांनी ती आणली आपल्या नाथपरंपरेतून. आणि ऐकणाऱ्यापासून लपवलं नाही. हे नाथांचं मर्म आहे, हे त्यांनी तिथेच सांगून टाकलं. ग्रंथ संपवताना तर मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तीनाथ अशी अख्खी गुरुपरंपराच दिली. ग्रंथ ज्यांनी लिहून घेतला त्या सच्चिदानंदबाबांचं नावही शेवटी आहे. म्हणजे बोलणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, ज्ञान परंपरेचं. आणि तरीही तो आवाज ज्ञानेश्वरांचाच मानला जातो.

पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तेव्हा त्यांनी बजावलं की यात स्वतःची ओवी घुसडणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणं. माझी पहिली स्क्रिप्ट आठवून मला ती नरोटी दिसली.

आणखी एक. आपल्याकडे वाणी चार प्रकारची मानतात. दासबोधात ती देहातच दाखवली आहे: परा नाभीशी, पश्यंती हृदयात, मध्यमा कंठात, आणि अक्षर बाहेर पडलं की वैखरी. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात या वाचांवर एक प्रकरण आहे, त्याचं नाव 'वाचाऋणपरिहार'. तत्त्वज्ञान बाजूला ठेवू, ते माझ्या आवाक्यातलं नाही. पण तो मधला शब्द बघा. ऋण. बोलण्याचंही कर्ज असतं.

अॅपनं मला वैखरी दिली, अगदी गुळगुळीत. त्याआधीच्या तीन पायऱ्या मी चढलेच नव्हते. चक्रांचा प्रॉम्प्ट देऊन मी त्या चढल्याचा फक्त भास केला.

आजीची पाटी

मग मी आईसमोर बसले आणि विचारलं, "चुकलं काय ते सांग."

आई म्हणाली, "तुझ्या त्या आजीनं लहानपणीच पोथ्या वाचल्या म्हणे. माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. मी पहिलीत होते तेव्हा माझ्या पाटीवर शिकली ती."

हे मला माहीतच नव्हतं! आई शाळेतून आली की आजी भाकरी थापता थापता विचारायची, आज कुठलं अक्षर? मग परातीतल्या पिठात बोटानं ते काढायची. 'ळ' तिला बरेच दिवस जमेना. ज्ञानेश्वरी हातात आली त्यानंतर किती तरी वर्षांनी. आवाज मधाळबिधाळ काही नाही. कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून ओरडून वाचायची. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आणि सहावा अध्याय आला की म्हणायची, "हे आपल्याला कळायचं नाही, पण वाचायचं."

"आणि कोणी वाचनाचं कौतुक केलं ना," आई म्हणाली, "की म्हणायची, माझ्या पोरीनं शिकवलंय. दर वेळेला. पाहुण्यांपुढे मला लाज वाटायची."

आईला स्क्रिप्टमधलं नेमकं काय लागलं होतं ते मला तेव्हा कळलं. आजीनं आयुष्यभर जे ऋण सांगितलं, ते मी एका दुपारी पुसून टाकलं होतं.

तो एपिसोड मी डिलीट केला आणि नव्यानं लिहिला. एआय वापरलं नाही का? वापरलं. वाक्यं लांबली होती ती तोडायला, विरामचिन्हं लावायला. पण एपिसोडच्या सुरुवातीलाच ते सांगितलं. आणि त्याच्याही आधी सांगितलं की यातली आजी मला आईनं दिली. आजचा हा एपिसोडही तसाच आहे: इतिहास अभ्यासकांच्या पुस्तकांतून, आजी आईकडून, चूक माझी.

तुम्हीही एआयकडून काही लिहून घेत असाल तर घ्या. फक्त ते ज्याच्याविषयी आहे त्या माणसाला, किंवा त्याला ओळखणाऱ्या एखाद्याला, आधी एकदा वाचून दाखवा. चक्रं नंतर बघू.

नवा एपिसोड आईला ऐकवला तेव्हा ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून हाक आली, "ते 'ळ'चं परत एकदा लाव गं."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.