महाविद्यालयीन ग्रंथपालांचा व्यावसायिक विकास : धाराशिव जिल्हा

महाविद्यालयीन ग्रंथपालाने नोकरीत आल्यानंतर आपले ज्ञान व कौशल्य वाढवत राहण्याची प्रक्रिया. तिचे दोन भाग पडतात : नियमांनी ठरवून दिलेले प्रशिक्षण आणि ज्येष्ठ ग्रंथपालाकडून मिळणारे प्रत्यक्ष मार्गदर्शन. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात पहिला भाग पदोन्नतीच्या नियमांमुळे बांधला गेला आहे. दुसरा मात्र मुख्यतः व्यक्तिगत ओळखींवर चालतो. अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपालाचे पद सामान्यतः एकच असते. अध्यापकाला विभागात सहकारी भेटतात, तर ग्रंथपालाला व्यवसायबंधू शोधण्यासाठी दुसऱ्या महाविद्यालयात जावे लागते.

पार्श्वभूमी : हा भूभाग 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व मराठवाड्यातील महाविद्यालये उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. 1994 मध्ये त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघाले आणि लातूर तिकडे गेले, पण धाराशिव जिल्हा जुन्याच विद्यापीठाकडे राहिला. त्यामुळे सोलापूर आणि लातूर ही शेजारची शहरे जवळ असूनही येथील ग्रंथपालाचे शैक्षणिक मुख्यालय सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. धाराशिव येथे विद्यापीठाचा उपपरिसर आहे.

ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणाची भारतातील सुरुवात 1911 मध्ये बडोद्यात, सयाजीराव गायकवाड यांनी बोलावलेल्या डब्ल्यू. ए. बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या वर्गापासून मानतात. एस. आर. रंगनाथन यांनी 1929 मध्ये मद्रासला प्रशिक्षण सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने 1957 मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली. ग्रंथपालाची पात्रता व वेतन अध्यापकाच्या तोडीचे असावे, ही भूमिका या समितीने मांडली आणि पुढील वेतनश्रेण्यांना तिचा आधार मिळाला.

पात्रता व पदोन्नती : आयोगाच्या 18 जुलै 2018 च्या विनियमांनुसार महाविद्यालयीन ग्रंथपालास ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्के गुणांनी, तसेच नेट किंवा सेट ही पात्रता लागते, विहित नियमांनुसार पीएच. डी. मिळवलेल्यांना तीतून सूट आहे. महाराष्ट्रातील सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. नोकरी सांभाळून पदवी घेणाऱ्यांसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना 1989) हा मराठीतून शिकण्याचा मार्ग ठरला.

शैक्षणिक वेतनस्तर 10 वरून 11 वर जाण्यासाठी पीएच. डी. असल्यास 4, एम. फिल. असल्यास 5 आणि एरवी 6 वर्षांची सेवा, 21 दिवसांचा उद्बोधन वर्ग व ग्रंथालयाच्या संगणकीकरणाविषयीचे किमान 5 दिवसांचे प्रशिक्षण आवश्यक आहे. मूल्यमापनाच्या तक्त्यात ग्रंथालयातील नियमित उपस्थिती, चर्चासत्रांचे आयोजन, संगणकीय तालिका, साठा पडताळणी व गहाळ पुस्तकांचे प्रमाण असे निकष आहेत. नवोदित ग्रंथपालास शिकवणे हा त्यात वेगळा निकष नाही. प्रमाणपत्र देणारे प्रशिक्षण त्यामुळे पुढे सरकते, तर मार्गदर्शनाची नोंद कुठेच होत नाही.

प्रशिक्षणाच्या संस्था : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 1986 नंतर आयोगाने विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उघडली. 2015 मध्ये त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली व 2023 पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. छत्रपती संभाजीनगरचे केंद्र या जिल्ह्याला विद्यापीठाच्या नात्याने जवळचे आहे. ऑनलाइन वर्गांमुळे निवासाचा व प्रवासाचा प्रश्न सुटला, पण जेवणाच्या सुटीत व वसतिगृहात जमणारी व्यवसायबंधूंची ओळख कमी झाली.

गांधीनगरचे इन्फ्लिबनेट (माहिती व ग्रंथालय जाळे) केंद्र हा दुसरा आधार. त्याच्या ‘सोल’ या ग्रंथालय संगणकीकरणाच्या आज्ञावलीची दुसरी आवृत्ती 2009 मध्ये व तिसरी 2021 मध्ये आली. 2010 मध्ये सुरू झालेल्या एन-लिस्ट योजनेतून महाविद्यालयांना 6 हजारांहून अधिक ई-नियतकालिके मिळू लागली. 1 जानेवारी 2025 पासूनच्या, ई-नियतकालिकांसाठीच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेचा पहिला टप्पा केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहे. त्यामुळे खाजगी अनुदानित महाविद्यालयांच्या ग्रंथपालाला एन-लिस्टचा वापर वाढवण्याचे कौशल्य अजूनही लागते. व्यवसायबंधूंशी संपर्कासाठी महाराष्ट्र युनिव्हर्सिटी अँड कॉलेज लायब्ररियन्स असोसिएशन (मुक्ला) ही राज्यातील ग्रंथपालांची संघटना आहे.

जिल्ह्यातील ग्रंथालये : धाराशिवचे रामकृष्ण परमहंस महाविद्यालय, उमरग्याचे श्री छत्रपती शिवाजी महाविद्यालय, कळंबचे शिक्षण महर्षी ज्ञानदेव मोहेकर महाविद्यालय व धाराशिवचे तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय ही वेगवेगळ्या गरजांची उदाहरणे होत. यांपैकी पहिले कोल्हापूरच्या श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेचे आहे. अनेक महाविद्यालये चालवणाऱ्या संस्थेत एका छत्राखालच्या ग्रंथपालांना एकमेकांचा सल्ला घेणे सोपे जाते. एकच महाविद्यालय असलेल्या संस्थेत ही सोय नसते. तुळजापूरला 1986 पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ग्रामीण परिसर असून संशोधनाभिमुख ग्रंथालयसेवेचा नमुना जिल्ह्यातच उपलब्ध आहे.

मार्गदर्शनाचे विषय : पदवीच्या अभ्यासक्रमात वर्गीकरण व तालिकीकरण शिकवले जाते. दाखल नोंदवही आणि संगणकातील नोंदी जुळवणे, ग्रंथालय समितीपुढे खरेदीचा प्रस्ताव मांडणे, जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन लेखापरीक्षणात अडकणार नाही अशा रीतीने करणे, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या चौथ्या निकषातील ग्रंथालयविषयक माहिती पुराव्यांसह भरणे ही कामे मात्र बहुधा ज्येष्ठांकडूनच शिकली जातात. मराठी नोंदींचे प्रश्न त्यात खास आहेत. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर या दोन्ही नावांनी शोधणाऱ्या वाचकाला एकाच ठिकाणी पोचवणे, जुन्या फाँटमधील नोंदी युनिकोडमध्ये आणणे, ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकामुळे हरवणारी पुस्तके शोधात आणणे, हे सरावाने येते.

जिल्ह्याचे नामांतर हेही असेच काम. 2023 मध्ये ‘धाराशिव’ नाव अधिकृत झाले. परंतु 1972 चा जिल्हा गॅझेटिअर व अनेक जुने प्रबंध ‘उस्मानाबाद’ नावाखालीच आहेत. ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील नाव न बदलता दोन्ही नावे परस्परसंदर्भाने जोडावी लागतात. निजामकाळातील उर्दू व जुन्या मोडी कागदपत्रांसाठी त्या लिपींची तोंडओळख संशोधकांना मदत करणाऱ्या ग्रंथपालास उपयोगी पडते.

मर्यादा व शक्यता : ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर पद रिक्त राहिले, तर प्रभार एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा कर्मचाऱ्याकडे जातो. नंतर येणाऱ्या नव्या ग्रंथपालाची आणि निवृत्ताची कामावर गाठच पडत नाही. पदभाराच्या यादीत कपाटे व पुस्तके मोजून मिळतात, पण निर्णयांमागची कारणे मिळत नाहीत. ब्रिटनमधील ग्रंथपालांच्या ‘सिलिप’ या व्यावसायिक संस्थेत चार्टर्ड सदस्यत्वासाठी तयारी करणाऱ्या ग्रंथपालाने मार्गदर्शक निवडून त्याच्याबरोबर काम करणे अपेक्षित असते. भारतात ग्रंथपालांची अशी नोंदणी करणारी वैधानिक परिषद नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 ने विद्यापीठ ग्रंथालयाला ज्ञानस्रोत केंद्र म्हटले आणि त्याच्या प्रमुखास संचालकपद दिले. या केंद्राने जिल्हावार ज्येष्ठ ग्रंथपालांची यादी करून नव्याने रुजू होणाऱ्यास पहिल्या वर्षासाठी एक मार्गदर्शक जोडून दिल्यास आणि ज्येष्ठाच्या त्या कामाला मूल्यमापनात जागा मिळाल्यास, धाराशिवसारख्या एकेकट्या पदांच्या जिल्ह्यात ओळखींवर अवलंबून असलेले मार्गदर्शन सर्वांच्या हक्काचे होऊ शकेल.