युन्नानचा सोनेरी अवलोकितेश्वर

चीनच्या नैर्ऋत्येकडील आजच्या युन्नान प्रांतात इ. स. ९३७ ते १२५३ या काळात दाली हे स्वतंत्र राज्य होते. तेथील सोन्याचा मुलामा दिलेल्या अवलोकितेश्वराच्या मूर्ती एकदा पाहिल्या की चीनमधील इतर मूर्तींशी त्यांची गल्लत होत नाही. उंची बहुधा दीड फुटाच्या आसपास. सडपातळ, ताठ देह, रुंद खांदे, अत्यंत बारीक कंबर, उघडी छाती, उंच जटामुकुट आणि त्यात अमिताभ बुद्धाची लहानशी प्रतिमा. उजवा हात उपदेशाच्या मुद्रेत. चीनमध्ये इतरत्र अवलोकितेश्वर 'क्वानयिन' या नावाने हळूहळू स्त्रीरूप होत गेला; येथे मात्र तो पुरुषदेहातच राहिला.

ही घडण चिनी परंपरेतली नव्हे. दक्षिण भारत आणि आग्नेय आशियातील, विशेषतः चंपा येथील, जुन्या शिल्पांशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. एका भारतीय भिक्षूच्या रूपाने स्वतः अवलोकितेश्वरच या प्रदेशात आला, अशी दालीपूर्वीच्या नानचाओ राज्याची आख्यायिका आहे. ती मूळ इ. स. ८९९ च्या चित्रपटात रंगवलेली असून त्याची उत्तरकालीन प्रत क्योतो येथे आहे. राजसत्तेला दैवी आधार देणारी ही कथा असल्यामुळे शिल्पकारांनी शतकानुशतके जुने रूप जसेच्या तसे जपले असावे. हेलन चॅपिन यांनी १९४४ मध्ये या मूर्तींचा गट प्रथम नेमका ओळखला आणि त्याला 'युन्नानचे भाग्य' म्हटले.

मूर्ती मेणाच्या साच्यावरून ओतत. मग सोने व पारा यांचे मिश्रण लावून ती तापवत. पारा उडून जाई आणि सोने धातूला चिकटून राही. कारागिराच्या फुफ्फुसांना हे झळाळणे महागच पडत असणार.

सॅन डिएगो येथील कला संग्रहालयातील मूर्तीच्या पाठीवर लेख आहे. राजा त्वान चेंगशिंग (कारकीर्द ११४७ ते ११७२) याने आपल्या मुलांसाठी ती घडवून घेतली. त्यांना दीर्घायुष्य लाभावे, वंश अखंड चालावा, ही त्यामागील इच्छा. पुढे १२५३ मध्ये कुबलाई खानाच्या मंगोल सैन्याने दाली जिंकले. राज्य बुडाले, तरी त्वान घराण्याकडे स्थानिक कारभार राहिला, तो १३८२ मध्ये मिंग सैन्य येईपर्यंत.

दालीच्या चोंगशंग मंदिरातील उंच स्तूपाची १९७८ मध्ये दुरुस्ती सुरू असताना आत अनेक बौद्ध वस्तू सापडल्या. त्यांत याच रूपाची एक मूर्ती होती. ती मुलाम्याची नसून सोन्याची होती आणि तिची प्रभावळ चांदीची होती.