मेणाच्या डबीपासून लिपस्टिकपर्यंत : ओठांच्या रंगाची गोष्ट

मागच्या महिन्यात काही गटांतून आमच्याकडे एकच प्रश्न आला. "लिपस्टिक महाग पडते, लवकर संपते, उन्हात वितळते. ती पुरवून कशी वापरायची?" प्रश्न साधा आहे, पण लिपस्टिक कशाची बनते आणि इथवर कशी आली हे कळलं की उत्तर आपोआप सापडतं. म्हणून आज आधी थोडा इतिहास सांगतो आणि शेवटी कामाच्या युक्त्या.

आपल्या आज्या-पणज्यांची फणेरपेटी आठवा. त्यात आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी असायची. कपाळावर आधी बोटाने मेणाचा गोल ठिपका लावायचा आणि त्यावर कुंकू किंवा पिंजर दाबायची. मेणामुळे कुंकू घामाने ओघळत नसे. रंग टिकवायचा तर त्याला धरून ठेवणारं काहीतरी हवं, हे आपल्या बायांना शाळेत न जाताही ठाऊक होतं. लिपस्टिकमध्येही हेच आहे. मेण, तेल आणि रंग, बाकी सगळं वास आणि वेष्टण.

ओठ रंगवण्याची रीतही आपल्याकडे जुनीच आहे. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त शहरातल्या सुखवस्तू पुरुषाचा दिनक्रम दिला आहे. त्यात तो मेण आणि आळता लावतो, आरशात तोंड पाहतो, विडा खातो आणि मग कामाला लागतो. जाणकार सांगतात की हे मेण आणि आळता ओठांसाठी. म्हणजे ओठांना रंग लावणं हे त्या काळी फक्त बाईचं काम नव्हतं, पुरुषही लावत असत.

हा आळता लाखेपासून मिळायचा. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे वसतात. त्यांनी केलेला थर खरवडून धुतला की पाणी लालभडक होतं, तोच आळत्याचा रंग. झारखंड, छत्तीसगडमध्ये आजही आदिवासी कुटुंबं लाखेची शेती करतात. तिकडे दूर मेक्सिकोत निवडुंगावर दुसरा एक किडा पोसतात. त्याच्यापासून निघणारा लाल रंग साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वी जहाजांतून युरोपात जाऊ लागला आणि आजही काही लिपस्टिकमध्ये पडतो.

पण गरिबाघरचा ओठांचा रंग म्हणजे विडा. कात आणि चुना एकत्र आले की तोंड लाल होतं. ज्या बाईला सौभाग्याची समजत, तिने विडा खाल्ला की लोक कौतुक करत. नवरा गेला की विडा, कुंकू, फुलं, रंगीत लुगडं सगळं एका दिवसात बंद व्हायचं. रंग बाईचा स्वतःचा नव्हता, नवऱ्यावर अवलंबून होता. ही प्रथा फार जुन्या काळातली आहे असं समजू नका. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे आपल्या गावात होणार नाही, असं त्या ठरावात होतं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या गावात असा ठराव झाला आहे का? नसेल तर पुढच्या ग्रामसभेत विचारा.

आता नाटक-सिनेमाकडे येऊ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या संगीत नाटकांत बाईचं काम पुरुषच करत. बालगंधर्व नऊवारी नेसून, रंगभूषा करून उभे राहिले की घराघरांतल्या बायका त्यांच्या साड्या-दागिन्यांची नक्कल करत. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. त्यासाठी त्यांना लोकांची बोलणी खावी लागली. पुरुषाने ओठ रंगवले तर ती कला आणि बाईने रंगवले तर तिची चाल वाईट, असा तो न्याय होता. आजही एखादी ताई ग्रामसभेला लिपस्टिक लावून आली की कोपऱ्यात कुजबुज होते. ती कुजबुज किती जुनी आहे आणि कुठून आली, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या काळच्या सिनेमाची एक गंमतही सांगतो. सुरुवातीच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल ओठ पडद्यावर काळेकुट्ट उमटायचे. म्हणून रंगभूषा करणाऱ्यांना वेगळ्याच छटा वापराव्या लागत. अमेरिकेत हॉलिवूडच्या नट्यांसाठी मॅक्स फॅक्टर याने १९३० च्या सुमारास ओठ चमकवणारा पातळ लेप बनवला. काळ्या-पांढऱ्या चित्रात ओठ उठून दिसावेत म्हणून तो होता. आज आपल्या पोरी जिला लिप ग्लॉस म्हणतात, तिची ही सुरुवात.

लिपस्टिकला आजचं रूप यायला आणखी थोडे हात लागले. पूर्वी युरोपात ती कागदात गुंडाळलेली कांडी असे किंवा डबीत असे, बोटाने लावायची. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत धातूची नळी आली. खालून फिरवली की कांडी वर येते, ती नळी १९२३ च्या सुमाराची. पुढे दुसऱ्या महायुद्धात धातू कमी पडला, तेव्हा काही कंपन्यांनी कागदाच्या आणि प्लॅस्टिकच्या नळ्या काढल्या.

आता हेझल बिशप या बाईंची गोष्ट. गटाने काही बनवून विकणाऱ्या प्रत्येकीने ही ऐकावी. या अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञ. नोकरी सांभाळून घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग करत त्यांनी कपाला, कपड्याला न लागणारी लिपस्टिक तयार केली. १९५० मध्ये ती बाजारात आली आणि भराभर खपली. पण जाहिरात करणाऱ्या माणसाच्या हातात कंपनीचा मोठा हिस्सा गेला. भांडण कोर्टात गेलं आणि १९५४ मध्ये बाईंना आपल्याच नावाची कंपनी सोडावी लागली. त्यांचं नाव डबीवर राहिलं, हक्क मात्र राहिला नाही. पापड असो, मसाला असो की साबण, कोणाचा वाटा किती हे आधी कागदावर लिहा आणि सही करण्याआधी गटात मोठ्याने वाचा.

आपल्याकडे १९५२ साली मुंबईत टाटांच्या तेलगिरणी कंपनीने 'लॅक्मे' सुरू केली. स्वातंत्र्यानंतर परदेशी प्रसाधनांवर देशाचा पैसा बाहेर जाऊ नये, म्हणून पंडित नेहरूंनी ही गोष्ट सुचवली असं सांगतात. नाव फ्रेंच वाटतं, पण ते लक्ष्मीचंच फ्रेंच रूप आहे. १८८३ साली पॅरिसमध्ये याच नावाचं संगीत नाटक झालं होतं. साठच्या दशकापासून सिमोन टाटा यांनी ही कंपनी पुढे नेली. नव्वदच्या दशकात ती हिंदुस्थान लिव्हरकडे गेली.

आणखी एक गोष्ट. लिपस्टिकमधलं मुख्य तेल बहुतेक वेळा एरंडेल असतं. जगात सगळ्यात जास्त एरंडी भारतात पिकते, त्यातही गुजरातमध्ये. शेतात एरंडीची बोंडं तोडणाऱ्या बाईच्या घामाचं तेल कुठल्या कुठे जाऊन ओठांवर बसतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मेण, तेल आणि रंग हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

पहिलं, साठवण. मेण उष्णतेने मऊ होतं. लिपस्टिक चुलीजवळ, पत्र्याच्या खिडकीत किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. माठाजवळची थंड, कोरडी जागा चांगली. वितळून वाकडी झाली तर तशीच उभी ठेवून गार होऊ द्या, मग झाकण लावा.

दुसरं, लावणं. ओठ फुटलेले असतील तर रंग भेगांत बसतो आणि दुप्पट लागतो. रात्री तूप लावून झोपा, सकाळी ओल्या फडक्याने पुसा. मग एक पातळ हात द्या, कागद ओठांत दाबून जास्तीचं काढा आणि पुन्हा एक पातळ हात द्या. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर जास्त टिकतात.

तिसरं, तळाशी राहिलेली. कांडी वरून संपली तरी नळीच्या खालच्या वाटीत बरीच उरते. स्वच्छ काडीने ती कोरून लहान स्टीलच्या वाटीत घ्या. ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, थेट आचेवर नको. वितळली की कोरड्या, स्वच्छ डबीत ओता. गार झाली की बोटाने लावा, अगदी जुन्या मेणाच्या डबीसारखी. थोडी पेट्रोलियम जेली मिसळलीत तर घरचा ग्लॉस तयार होतो. न आवडणाऱ्या दोन रंगांचा असाच तिसरा रंग करता येतो.

चौथं, ग्लॉस. बाटलीच्या कडेला चिकटलेला असेल तर झाकण घट्ट लावून बाटली कोमट पाण्यात उलटी धरा, तो खाली उतरतो. आत पाणी किंवा थुंकी कधी घालू नका. ओलाव्याने तो नासतो.

पाचवं, उष्टी लिपस्टिक नको. हळदीकुंकवाला किंवा गटाच्या फोटोच्या वेळी एकच लिपस्टिक दहा जणींत फिरते. एकीच्या ओठावर पाणीदार फोड असेल तर तो दुसरीला होऊ शकतो. द्यायचीच असेल तर स्वच्छ चमच्याच्या टोकाने थोडी काढून द्या.

सहावं, घेताना वाचा. वेष्टणावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत असली पाहिजे. काहीच लिहिलेलं नसेल तर ती दहा रुपयांनाही महाग. शेंदरात शिसं असतं आणि हिंगुळात पारा. ते ओठांना कधीच लावू नका, कारण ओठांवरचं थोडं थोडं पोटात जातं. तेलाचा खवट वास आला की लिपस्टिक टाकून द्या.

आणि विड्याबद्दल. ओठ लाल होतात म्हणून विडा खाणाऱ्या बहिणींनो, नुसती सुपारीही तोंडाच्या कर्करोगाला कारण ठरते. तंबाखू आणि मिश्रीने धोका आणखी वाढतो. तोंडात पांढरा चट्टा दिसला, तिखट झोंबायला लागलं किंवा तोंड पूर्ण उघडेनासं झालं, तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

लिपस्टिक लावायची की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. न लावणारी मागासलेली नाही आणि लावणारी वाया गेलेली नाही. पुढच्या बैठकीत हा लेख वाचा आणि एवढ्यावर बोला : आपल्या गावात कोणत्या बाईला रंग लावायला अजून मनाई आहे, आणि ती मनाई करतं कोण? जे बोलणं होईल ते आम्हाला लिहून कळवा. आपण ते रेडिओवर वाचू.