बंद गिरणीचे देणे

आमच्या इंदुरात अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात. गिरण्या बंद पडून तीसेक वर्षे उलटली, तरी कामगारांनी वर्गणी जमवून ही प्रथा टिकवली. मिरवणूक पाहताना मला नेहमी वाटते, गिरणी बुडाली तेव्हा या माणसांच्या घामाचा हिशेब कोणी आणि कधी चुकता केला?

होळकरशाहीत दुसऱ्या तुकोजीरावांनी सरकारी कापडगिरणी काढली. पुढे शेठ हुकुमचंदांसारखे धनिक या धंद्यात उतरले आणि इंदूर गिरणगाव झाले. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि ५,८९५ कामगार घरी बसले. जुनी यंत्रे आणि यंत्रमागांची स्पर्धा यांमुळे त्या काळी देशभरच्या गिरण्या खचत होत्या. तोट्यातली गिरणी कायम चालवा, असे कोणी म्हणणार नाही.

कायद्यानेही कामगाराला वाऱ्यावर सोडले नव्हते. कामावरून कमी केलेल्यास नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा, हे १९५३ सालीच ठरले. कंपनी गुंडाळताना कामगारांचेही म्हणणे ऐकले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला. १९८५ च्या दुरुस्तीने कामगारांची देणी तारण घेतलेल्या बँकांच्या बरोबरीला आली. रांगेत जागा मिळाली. पैसे केव्हा मिळतील, हे मात्र कोणी सांगितले नाही.

गिरणीची ४२ हेक्टर जमीन शहराच्या मध्यात होती. तिच्या मालकीचा आणि विक्रीचा घोळ कोर्टात वर्षानुवर्षे चालला. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश लिक्विडेटरच्या हाती पडला. तोवर ३२ वर्षे लोटली होती आणि दोन हजारांहून अधिक कामगार हे जग सोडून गेले होते. त्यांचा वाटा विधवांनी आणि मुलांनी घेतला.

या काळात जमिनीचा भाव वाढला आणि कामगाराचे वय वाढले. वाट पाहणे एकाला परवडले, दुसऱ्याला नाही. ग्रॅच्युइटी म्हणजे दान नव्हे. तो आधीच कमावलेला, मागे ठेवलेला पगार आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की तो नफ्याच्या वर्षांतच वेगळा काढून ठेवावा. लाभांश दर वर्षी वाटला जातो, मग घामाचा पैसा लिलावाची वाट पाहत का राहावा?